पारेषण वाहिनीचे लाभ-खर्च गुणोत्तर: नियामक छाननीत खरे काय तपासायचे असते

प्रश्न असा विचारला गेला आहे: एक पारेषण कंपनी नव्या उच्चदाब वाहिनीचा प्रस्ताव वीज नियामक आयोगापुढे मांडते, तिचे लाभ खर्चाच्या १.११ पट असल्याचे दाखवते आणि तेवढ्या आधारावर पुढची चाळीस वर्षे वीजदरातून वसुली करण्याची परवानगी मागते. या आकड्यावर आयोगाने कितपत भरवसा ठेवावा, आणि तो तपासण्याची रीत कोणती?

या गुणोत्तरातील खर्चाची बाजू वादग्रस्त असली तरी ती तपासणे तुलनेने सोपे असते, कारण पोलाद, कंडक्टर (वीजवाहक तारा), ट्रान्सफॉर्मर, जमीन आणि मजुरी यांचे भाव कुठे ना कुठे पडताळून पाहता येतात. लाभ मात्र कोणत्याही मीटरवर नोंदला जात नाही. तो दोन कल्पिलेल्या भविष्यांमधला फरक असतो. एका भविष्यात वाहिनी उभी आहे, दुसऱ्यात ती नाही. प्रस्तावाची बहुतेक पाने पहिल्या भविष्याचे वर्णन करतात, पण निकाल बहुधा दुसऱ्यावरच ठरतो. अशा प्रस्तावांची छाननी करण्यात माझी बरीच वर्षे गेली असून, गुणोत्तरावर वाद घालण्यापूर्वी ‘वाहिनी बांधली नाही तर काय होईल’ याचे प्रस्तावात रंगवलेले चित्र तपासावे, असे माझे ठाम मत झाले आहे. पुढील सगळे विवेचन त्याच मुद्द्याभोवती आहे.

आधी छाननीची गरज का पडते ते पाहू. पारेषण ही नैसर्गिक मक्तेदारी आहे. एकाच मार्गावर दोन स्पर्धक कंपन्यांनी मनोरे उभारणे परवडणारे नसते, म्हणून कंपनीला मंजूर भांडवली खर्चावर ठरावीक परतावा दिला जातो. परतावा भांडवलाच्या प्रमाणात मिळत असल्यामुळे गरजेपेक्षा अधिक बांधण्याकडे तिचा कल राहू शकतो. याच्या उलट प्रवृत्तीही असते आणि तिची चर्चा फारशी होत नाही. ज्या कंपनीच्या मालकीची महागडी वीजकेंद्रे त्याच भागात असतात, तिला स्वस्त वीज आणणारी वाहिनी नकोशी वाटते, आणि मग प्रस्ताव आयोगापर्यंत पोचतच नाही. आयोगासमोर आलेल्या कागदांची छाननी होते, न आलेल्यांची होत नाही. त्यामुळे नियोजनाचे काम मालमत्तेच्या मालकाकडे न ठेवता स्वतंत्र यंत्रणेकडे असावे, या मागणीत मला तथ्य वाटते.

आता एक छोटे उदाहरण घेऊ. आकडे मी सोयीसाठी कल्पिले आहेत आणि चलन कोणतेही धरता येईल. ‘अ’ भागात प्रति मेगावॉट-तास ३० खर्चाची वीज मुबलक आहे. ‘ब’ भागाची मागणी १,००० मेगावॉट असून तिथे ४० खर्चाची ७०० मेगावॉट आणि ७० खर्चाची ३०० मेगावॉट निर्मिती चालवावी लागते. बाजारातील भाव सर्वांत महाग चालू केंद्रावर ठरत असल्याने ‘ब’ मधील सर्व ग्राहक ७० मोजतात. दोन्ही भागांना जोडणारी ३५० मेगावॉटची वाहिनी बांधली, तर ७० खर्चाची सगळी ३०० मेगावॉट वीज आणि ४० खर्चाची ५० मेगावॉट वीज बंद होते व ‘ब’ मधील भाव ४० वर येतो.

या वाहिनीचा तासाचा लाभ किती? प्रस्तावात बहुधा असे लिहिलेले असते की भाव ३० ने उतरला, मागणी १,००० आहे, म्हणजे ग्राहकांचे तासाला ३०,००० वाचले. हे खरे आहे, पण त्यातले २१,००० हे ‘ब’ मधल्या ४० खर्चाच्या केंद्रांचा बुडालेला नफा आहे. ते पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले. समाजाचे इंधन त्यामुळे वाचले नाही. वाहिनीच्या दोन टोकांच्या भावांत अजूनही १० चा फरक आहे, त्यातून कोंडीपोटी, म्हणजे वाहिनी पूर्ण भरून आणखी स्वस्त वीज आणता न आल्यामुळे, तासाला ३,५०० जमा होतात. ३०,००० मधून २१,००० वजा करून ३,५०० मिळवले की १२,५०० उरतात. इंधनाच्या बाजूने मोजले तरी हाच आकडा येतो: ३०० मेगावॉटवर ४० ची आणि ५० मेगावॉटवर १० ची बचत. दोन्ही वाटांनी उत्तर एकच आले पाहिजे, आणि ते येत नसेल तर प्रस्तावात कुठेतरी चूक आहे, असे मी हमखास धरतो.

कोणता आकडा योग्य, हे आयोगाच्या कायदेशीर चौकटीवर अवलंबून असते. ऑस्ट्रेलियातील पारेषण गुंतवणूक चाचणीत वीजबाजारातील उत्पादक, वाहतूकदार आणि ग्राहक या सर्वांचा मिळून निव्वळ लाभ पाहतात, म्हणजे संपत्तीचे निव्वळ हस्तांतरण लाभात धरले जात नाही. काही ठिकाणी केवळ ग्राहकांचे हित पाहण्याची कायदेशीर जबाबदारी आयोगावर असते आणि तिथे ३०,००० चा आकडाही ग्राह्य ठरू शकतो. दोन्ही भूमिका समर्थनीय आहेत. समर्थन करता येत नाही ते मिसळणीचे: ग्राहकांची बचत एका चाचणीतून आणि कोंडीची रक्कम दुसरीतून घेऊन बेरीज करायची, आणि उत्पादकांचे नुकसान कुठेच दाखवायचे नाही. माझ्या मते मुख्य चाचणी सर्वांच्या निव्वळ लाभाचीच असावी, आणि कोणत्या गटाला किती मिळाले वा कोणाचे किती गेले याचा तक्ता तिच्या जोडीने सक्तीने द्यावा, कारण हस्तांतरण हा लाभ नसला तरी माणसांच्या दृष्टीने ती खरी घटना असते.

हेच उदाहरण चाळीस वर्षांवर पसरू. कोंडीचे असे तास वर्षाला २,००० आहेत असे धरले तर वार्षिक लाभ २.५ कोटी होतो. वाहिनीचा खर्च ३० कोटी धरू आणि देखभाल बाजूला ठेवू. वटाव दर, म्हणजे पुढच्या वर्षांतला लाभ आजच्या पैशात मोजताना दरवर्षी कमी धरण्याचा दर, ७ टक्के घेतला तर चाळीस वर्षांच्या लाभाचे वर्तमान मूल्य ३३.३ कोटी, म्हणजे गुणोत्तर १.११ येते. दर ४ टक्के घेतला की तेच १.६५ होते आणि १० टक्के घेतला की ०.८१ वर उतरते. वाहिनी तीच, तारा त्याच. म्हणून वटाव दर प्रस्तावकाने निवडू नये. आयोगाने तो सर्व प्रकल्पांसाठी आधीच जाहीर करून ठेवावा आणि वरचा-खालचा पल्ला दाखवणे बंधनकारक करावे. कंपनीचा भांडवली खर्चाचा दर वापरावा की समाजाचा कमी दर, हा वाद जुना आहे. बॅटरी किंवा स्थानिक वीजकेंद्राशी तुलना करताना दोन्ही पर्यायांना एकच दर लावला गेला पाहिजे, इतके किमान पथ्य तरी पाळावे, कारण दीर्घायुषी वाहिनीला कमी दर आणि अल्पायुषी पर्यायाला जास्त दर लावण्याची क्लृप्ती कागदावर चटकन लक्षात येत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे वाहिनी नसलेल्या भविष्याकडे येऊ. वरच्या हिशेबात एक गृहीत लपलेले आहे: वाहिनी झाली नाही तर ‘ब’ भागात ७० खर्चाची केंद्रे चाळीस वर्षे तशीच चालत राहतील. असे घडत नाही. इतका भाव मिळत असेल तर कोणीतरी तिथे नवी निर्मिती उभारतोच. समजा, वाहिनी नसल्यास दहाव्या वर्षाच्या अखेरीस ‘ब’ मध्ये ३० खर्चाने चालणारे ३०० मेगावॉटचे केंद्र २० कोटींत उभे राहिले असते. मग पहिल्या दहा वर्षांचा लाभ पूर्ण मिळतो, त्यानंतर वर्षाला जेमतेम १० लाखांचा उरतो, मात्र टळलेल्या २० कोटींच्या गुंतवणुकीचे वर्तमान मूल्य, सुमारे १०.२ कोटी, लाभात मिळवावे लागते. एकूण लाभ २८.४ कोटींवर येतो आणि ७ टक्क्यांनाच गुणोत्तर १.११ वरून ०.९५ होते. वटाव दराला हात न लावता, खर्चात एक पैसाही न वाढवता, केवळ दुसऱ्या भविष्याचे एक वाक्य बदलल्याने मंजुरीयोग्य प्रकल्प नामंजूर ठरला.

प्रस्ताव हाती आल्यावर मी आधी परिशिष्टातला वीजकेंद्रांचा तक्ता काढतो. त्यात प्रत्येक केंद्रासमोर सुरू होण्याचे आणि बंद होण्याचे वर्ष असते, वाहिनीसह आणि वाहिनीविना अशा दोन रकान्यांत. दोन्ही रकाने तंतोतंत सारखे असतील तर अभ्यासकाने निर्मितीची जागा आणि वेळ वाहिनीमुळे बदलते हे लक्षातच घेतलेले नाही, असे समजावे. वाहिनीविना रकान्यात वीस वर्षांत एकही नवे केंद्र नसेल तर लाभ फुगलेला आहे. आणि एखादे जुने केंद्र वाहिनीविना रकान्यात अचानक लवकर बंद होत असेल, तर ते का, याचा कागद मागवावा. मालकाने नियामकाला दिलेली बंद करण्याची सूचना, प्रदूषण परवान्याची मुदत किंवा इंधन कराराचा शेवट, असे काही तरी हाती लागले पाहिजे. ‘अभ्यासकाचा अंदाज’ हे उत्तर पुरेसे नाही.

उलट दिशेनेही हीच चूक होते, आणि तीही तितकीच महाग पडते. वारा किंवा ऊन भरपूर असलेल्या पण ग्राहकांपासून दूर असलेल्या प्रदेशात वाहिनी नाही म्हणून कोणी प्रकल्प उभारत नाही, आणि प्रकल्प नाहीत म्हणून वाहिनीचा लाभ शून्य दिसतो. टेक्सासने हा गुंता विधिमंडळाच्या निर्णयाने सोडवला. २००५ च्या कायद्याने स्पर्धात्मक नवीकरणीय ऊर्जा क्षेत्रे ठरवण्याचे काम तिथल्या लोकोपयोगी सेवा आयोगाकडे सोपवले, आणि २००८ मध्ये आयोगाने सुमारे १८,५०० मेगावॉट पवनऊर्जेसाठी आराखडा निवडला. तेव्हाचा अंदाज सुमारे ४.९ अब्ज डॉलरचा होता. २०१४ च्या सुरुवातीपर्यंत सुमारे ३,६०० मैलांच्या वाहिन्या पूर्ण झाल्या तेव्हा खर्च सुमारे ६.९ अब्जांवर गेला होता. खर्च वाढला हे खरे, पण टेक्सासच्या ग्रिडमध्ये २००९ मध्ये उपलब्ध पवनऊर्जेपैकी सुमारे १७ टक्के वीज वाहून नेता येत नसल्याने सोडून द्यावी लागत होती, ते प्रमाण २०१४ मध्ये अर्ध्या टक्क्यावर आले. निर्मिती जागच्या जागी गोठलेली धरणारी चाचणी लावली असती तर हा आराखडा मंजूर होणे अवघड होते.

लाभाचे दुसरे मोठे अंग म्हणजे दुर्मीळ प्रसंग. बहुतेक अभ्यासांत ‘सर्वसाधारण’ वर्ष घेतात: सरासरी हवामान, सरासरी मागणी, सर्व उपकरणे सुस्थितीत. अशा वर्षात वाहिनीचा खरा उपयोग दिसत नाही. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०२२ मध्ये प्रत्यक्ष बाजारभावांवरून दाखवले की पारेषणाच्या कोंडीविषयक मूल्यापैकी जवळपास निम्मे केवळ ५ टक्के तासांत निर्माण होते. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात हेच ठळकपणे समोर आले. टेक्सासच्या ग्रिडला शेजारी ग्रिडशी जोडणारे दुवे जेमतेम १,२०० मेगावॉटच्या आसपास होते आणि तिथे कमाल २०,००० मेगावॉट भारनियमन करावे लागले. त्याच वादळात मध्यपश्चिमेच्या ग्रिडने पूर्वेकडून १३,००० मेगावॉटच्या आसपास वीज आणून बऱ्याच अंशी निभावून नेले.

आमच्या उदाहरणात हे मिळवून पाहू. समजा, दहा वर्षांतून एकदा ४८ तास ‘ब’ भागात २०० मेगावॉटची तूट पडते आणि खंडित विजेचे मूल्य प्रति मेगावॉट-तास १०,००० धरले आहे. एका प्रसंगाचे नुकसान ९.६ कोटी, म्हणजे वर्षाला सरासरी ९६ लाख, आणि त्याचे वर्तमान मूल्य १२.८ कोटी. ०.९५ चे गुणोत्तर १.३७ होते. पण इथेही घाई नको. वादळ मोठे असले तर ‘अ’ भागही त्याच दिवशी अडचणीत असतो. अशा प्रसंगांपैकी निम्म्या वेळी ‘अ’ कडे देण्याजोगी वीज नसेल तर लाभ निम्मा होऊन गुणोत्तर १.१६ येते. म्हणून दोन्ही टोकांच्या हवामानाची एकाच वेळची, तासागणिक नोंद कित्येक वर्षांची मागवावी. दोन प्रदेशांच्या वेगवेगळ्या सरासऱ्या या कामी येत नाहीत. दूरवरच्या, वेगळ्या हवामानाच्या प्रदेशांना जोडणाऱ्या वाहिनीचे हे मूल्य जवळच्या दोन उपकेंद्रांमधल्या वाहिनीपेक्षा बहुधा बरेच जास्त निघते.

अमेरिकेच्या संघीय ऊर्जा नियामक आयोगाने मे २०२४ मध्ये काढलेल्या १९२० क्रमांकाच्या आदेशाने या दिशेने मोठे पाऊल टाकले. प्रादेशिक नियोजनासाठी किमान वीस वर्षांचा पल्ला, किमान तीन संभाव्य चित्रे आणि सात लाभांची मोजणी त्याने बंधनकारक केली. त्या सातांत इंधन व चालू खर्चाची बचत, गळतीतील घट, टळलेली वा पुढे ढकललेली अन्य पारेषण गुंतवणूक आणि टोकाच्या हवामानातला आधार हेही येतात. लाभांची यादी आधीच ठरलेली असली की प्रत्येक प्रस्तावक आपल्या सोयीचे लाभ निवडू शकत नाही, म्हणून मला ही पद्धत पसंत आहे. मात्र यादी लांबली की दुहेरी मोजणीचा धोकाही वाढतो. इंधनखर्चात कार्बनचा भाव आधीच धरलेला असताना उत्सर्जनातील घट पुन्हा वेगळी मोजणे, किंवा राखीव क्षमतेची बचत आणि तुटीच्या तासांतील बचत दोन्ही पूर्णांशाने धरणे, हे वारंवार दिसते. गळतीबाबत एवढेच सांगतो की ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे भरलेल्या वाहिनीला समांतर तशीच दुसरी वाहिनी मिळाली की त्याच विजेवरची एकूण गळती निम्मी होते. हा लाभ छोटा असला तरी भरवशाचा असतो.

खर्चाच्या बाजूला मी फार वेळ घेणार नाही, पण दोन गोष्टी सोडता येत नाहीत. पहिली म्हणजे अंदाजाचा टप्पा. मार्ग निश्चित होण्यापूर्वीचा अंदाज आणि निविदा उघडल्यानंतरचा अंदाज यांत मोठे अंतर पडते. दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि न्यू साऊथ वेल्स यांना जोडणाऱ्या, सुमारे ९०० किलोमीटरच्या एनर्जीकनेक्ट वाहिनीचा अंदाज २०१९ च्या चाचणीत सुमारे १.५३ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर होता. २०२१ मध्ये तिथल्या नियामकाने मंजूर केलेला खर्च सुमारे २.२८ अब्ज झाला. अशा वेळी जुन्या गुणोत्तरावर पुढे न जाता चाचणी नव्याने लावावी लागते, आणि मधल्या काळात लाभाचे अंदाजही बदललेले असल्याने दोन्ही बाजू एकाच तारखेला अद्ययावत कराव्या लागतात. केवळ वाढलेला खर्च जुन्या लाभासमोर ठेवणेही चूक आणि उलटही चूक.

दुसरी गोष्ट पर्यायांची. आहे त्याच मनोऱ्यांवर अधिक क्षमतेचा कंडक्टर चढवणे, वारा आणि तापमान पाहून वाहिनीची तात्कालिक क्षमता वाढवणे, विजेचा प्रवाह वळवणारी उपकरणे बसवणे, कोंडीच्या टोकाला बॅटरी ठेवणे, मागणी हलवणे, हे सगळे काही प्रसंगी नव्या वाहिनीपेक्षा खूप स्वस्त पडते. प्रस्तावात हे पर्याय एकेका परिच्छेदात ‘अपुरे’ म्हणून निकालात काढलेले आढळतात. प्रत्येक पर्याय एकटा अपुरा असला तरी दोन-तीन मिळून वाहिनीची गरज पाच-सात वर्षे पुढे जाऊ शकते, आणि ती वर्षे अनिश्चितता कमी होण्याच्या दृष्टीने मोलाची असतात. म्हणून पर्यायांचे एकत्रित संचही तपासण्याचा आदेश आयोगाने द्यावा.

तरीही थांबण्याला फुकटचे समजू नये. आमच्या ३० कोटींच्या वाहिनीवर पैसे खर्च होऊन लाभ चार वर्षे उशिरा सुरू झाला, तर १.११ चे ०.८५ होते. जर्मनीच्या उत्तरेकडची पवनऊर्जा दक्षिणेत नेणारी सुमारे ७०० किलोमीटरची, ४ गिगावॉटची स्यूडलिंक वाहिनी मुळात २०२२ पर्यंत अपेक्षित होती. मनोऱ्यांना झालेल्या तीव्र विरोधानंतर २०१५ च्या अखेरच्या कायद्याने भूमिगत केबलला प्राधान्य मिळाले, खर्च बराच वाढला आणि वेळापत्रक कित्येक वर्षे पुढे गेले. दरम्यान कोंडी सांभाळण्यासाठी उत्तरेतली निर्मिती कमी करून दक्षिणेतली वाढवण्यापोटी त्या देशात वर्षाला अब्जावधी युरो मोजावे लागले. मनोरे की केबल, याचा विचार करताना हा प्रतीक्षेचा खर्च तक्त्यात यायला हवा. ज्यांच्या शेतावरून वाहिनी जाते त्यांचे म्हणणे सुरुवातीलाच ऐकून मार्ग बदलणे हे, नुसत्या हिशेबानेही, उशिरा न्यायालयात भांडण्यापेक्षा स्वस्त पडते. आणि हिशेब बाजूला ठेवला तरी ते करणेच योग्य आहे.

अनेक संभाव्य चित्रे मांडल्यावर निर्णय कसा घ्यायचा, हा पुढचा पेच. प्रत्येक चित्राला संभाव्यता देऊन सरासरी काढणे ही एक पद्धत. ब्रिटनमधील ग्रिडचालकाने वार्षिक जाळे-पर्याय मूल्यमापनात ‘किमान सर्वाधिक पश्चात्ताप’ ही दुसरी पद्धत वापरली: प्रत्येक पर्यायासाठी, प्रत्येक चित्रात, सर्वोत्तम निवडीच्या तुलनेत किती नुकसान झाले असते ते काढायचे आणि ज्याचे सर्वाधिक नुकसान सगळ्यांत कमी तो पर्याय घ्यायचा. संभाव्यतेवरचा वाद टळत असल्याने सुनावणीत ही पद्धत सोयीची वाटते. पण तिच्यात एखादे अतिरेकी चित्र यादीत घुसवले की सगळा निकाल त्याच्या बाजूला झुकतो, म्हणून चित्रांची यादी प्रस्ताव दाखल होण्यापूर्वीच, स्वतंत्रपणे ठरलेली असणे अत्यावश्यक आहे.

खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न गुणोत्तरापासून वेगळा वाटतो, पण मंजुरी अडते ती बहुधा इथेच. अमेरिकेच्या सातव्या विभागीय अपील न्यायालयाने २००९ मध्ये, मोठ्या वाहिन्यांचा खर्च संपूर्ण प्रदेशावर सारखा वाटण्याची एक योजना परत पाठवली, कारण दूरच्या राज्यांतील ग्राहकांना होणारा लाभ आणि त्यांच्यावरचा भार यांचे स्थूल प्रमाण दाखवलेले नव्हते. त्याच न्यायालयाने २०१३ मध्ये मध्यपश्चिमेच्या ग्रिडचालकाची ‘बहुमूल्य’, म्हणजे एकाच वेळी अनेक प्रकारचे लाभ देणाऱ्या, प्रकल्पांसाठीची वाटणी मान्य केली. न्यायालयाने पैशापर्यंतचा अचूक हिशेब मागितला नाही, पण ‘सगळ्यांना थोडा थोडा लाभ होईल’ एवढ्यावर समाधानही मानले नाही. आमच्या उदाहरणातही गटनिहाय तक्ता असेल तर वाटणी सोपी होते: बहुतांश लाभ ‘ब’ च्या ग्राहकांना आहे, म्हणून बहुतांश भार त्यांचा. ‘अ’ च्या ग्राहकांना त्यांची स्वस्त वीज बाहेर गेल्याने भाव वाढण्याची भीती असेल तर तीही आकड्यांत उतरली पाहिजे, नाहीतर त्यांचा विरोध सुनावणीत नव्हे तर रस्त्यावर व्यक्त होतो.

मंजुरीनंतरचे पुनर्परीक्षण बहुतेक ठिकाणी होतच नाही, आणि मला ही सर्वांत मोठी उणीव वाटते. वर उल्लेखलेल्या मध्यपश्चिमेतील १७ बहुमूल्य प्रकल्पांचे गुणोत्तर २०११ मध्ये १.८ ते ३.० सांगितले होते. ग्रिडचालकाच्या त्रैवार्षिक परीक्षणात ते २०१४ मध्ये २.६ ते ३.९ आणि २०१७ मध्ये २.२ ते ३.४ निघाले, आणि ही घसरण मुख्यतः नैसर्गिक वायू स्वस्त झाल्याने आली. या आकड्यांवरही मतभेद असू शकतात, कारण परीक्षण करणारी संस्था तीच आहे. पण असे परीक्षण जाहीर झाले म्हणजे पुढच्या प्रस्तावात वायूच्या भावाचे कोणते गृहीत टिकले आणि कोणते कोसळले हे आयोगाला दाखवून देता येते.

मूळ प्रश्नातील १.११ कडे परत येतो. वरच्या हिशेबात हाच प्रकल्प ०.८१ पासून १.६५ पर्यंत फिरला, म्हणजे १ च्या वर किंवा खाली असणे हा स्वतः निर्णय होऊ शकत नाही. अशा प्रस्तावावर मी आयोगाला मंजुरीचे दोन भाग करण्याची शिफारस करीन. सर्वेक्षण, मार्गनिश्चिती, जमीनमालकांशी वाटाघाटी आणि प्राथमिक अभियांत्रिकी यांना आत्ता मंजुरी द्यावी. हा खर्च एकूण खर्चाच्या मानाने लहान असतो, आणि तो वाया गेला तरी उशिराच्या किमतीपेक्षा बहुधा कमी असतो. मोठी उपकरणे मागवणे आणि मनोरे उभारणे यांची मंजुरी आधीच लिहून ठेवलेल्या अटींवर द्यावी: ‘ब’ भागातल्या त्या ३०० मेगावॉटच्या स्थानिक केंद्राचे काय झाले, दोन्ही प्रदेशांच्या एकाच वेळच्या हवामान नोंदींवरून तुटीच्या काळात ‘अ’ कडे खरोखर शिल्लक राहते का, आणि निविदेतला खर्च मंजूर मर्यादेत आहे का. या काळात वाहिनीसह आणि वाहिनीविना अशा दोन्ही भविष्यांचे केंद्रनिहाय तक्ते, इंधनाचे भाव आणि तासागणिक प्रवाह हरकती घेणाऱ्यांना संगणकावर चालवता येतील अशा स्वरूपात खुले करावेत. व्यापारी गोपनीयतेचे कारण केंद्रांच्या वैयक्तिक खर्चापुरते मान्य करता येईल. दुसऱ्या भविष्यात कोणते केंद्र कधी उभे राहते आणि कधी बंद होते, ही माहिती झाकण्याचे समर्थन मला आजवर कोणत्याही सुनावणीत पटलेले नाही.